चिंचेखाली बसलेली यालवा

ज्या वर्षी लाराबाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी लाराबाच्या नवऱ्याने, मालम तांकोने, दुसरी बायको केली. थोरलीचं नाव लाराबाने जन्मात तोंडातून काढलं नव्हतं, पहिल्या लेकराचं नाव आई घेत नाही. म्हणून ती एवढंच म्हणायची, "तिला उजवली आणि ही आली." लग्नातली मोठी पातेली मागच्या भिंतीशी पालथी पडली होती, ती परत द्यायच्या आधीच दुसऱ्या वऱ्हाडासाठी लागली.

ही म्हणजे झुलाई. मुलींची शाळा पुरी केलेली, बारीक चणीची, हसताना तोंडावर हात न ठेवणारी. तिच्याबरोबर रंगीत भांड्यांची उतरंड आली, दोन गाद्या आल्या आणि पुठ्ठ्याचं एक खोकं आलं. खोक्यात पुस्तकं होती, सगळी एकच. वर एका मुलीचं चित्र, जिच्या पायाशी सावली नाही. ते पुस्तक झुलाईने स्वतः लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, भाग पहिला.

लाराबा अक्षरं शिकली ती डोक्याचे केस पांढरे व्हायला लागल्यावर, बायकांच्या दुपारच्या वर्गात. अजून ती बोट फिरवत वाचायची. तरी ते पुस्तक तिने वाचून काढलं, झुलाई न्हाणीत असताना, थोडं थोडं करून. यालवा नावाची मुलगी. दुष्काळात बापाने एका भरल्या कणगीपायी तिची सावली जिन्नांना विकलेली. जिन्नांचं शहर कोरड्या नदीच्या पात्राखाली. पाऊस आला की नदी भरणार आणि शहराची वेस बुडणार, त्याच्या आत यालवाने सावली आणायची. पहिला भाग संपतो तेव्हा ती नदीच्या काठावर उभी असते. वाचून झाल्यावर लाराबाने पुस्तक जसंच्या तसं खोक्यात ठेवलं आणि दिवसभर कुणाशी नीट बोलली नाही. पुस्तक वाईट असतं तर तिला बरं वाटलं असतं.

कानोच्या जुन्या गावात, रंगाऱ्यांच्या आळीत, गोष्टी सांगायच्या त्या लाराबाने, असं ठरूनच गेलं होतं. दिवेलागण झाली की पोरी तिच्या चटईवर येऊन बसायच्या. दिवसाउजेडी गोष्ट सांगत नाहीत, सांगितली तर वाट चुकते, म्हणून पोरी सूर्य कधी बुडतो याकडे डोळे लावून असत. आता त्याच पोरी चटईला वळसा घालून झुलाईच्या खोलीत जात होत्या. त्यात पुढे शेजारच्या रंगाऱ्याची हान्ने. जिभेला हाड नसलेली पोरगी. लाराबाला सगळ्या याया, म्हणजे ताई, म्हणत; हान्ने जाता जाता म्हणायची, "याया, तुमची सशाची गोष्ट उद्या ऐकते, आज जरा घाई आहे."

आणि घरधनी. त्याचा कोलाचा धंदा. कोलाच्या बिया ओल्या पानांत गुंडाळून टोपल्यांत ठेवायच्या, रोज उलटायच्या, सुकल्या की मातीमोल. देवडीत त्याचे दोस्त बसत आणि असली पुस्तकं पोरींना बिघडवतात असं म्हणत. तो त्यांच्यात मान हलवायचा. आत आला की झुलाईच्या खोलीच्या दाराशी थांबून विचारायचा, दुसऱ्या भागात ती नदीत उतरते का. लाराबा हे सगळं बघायची. बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं की सशाचं पुढे काय झालं.

रमजानच्या महिनाभर आधी बाजारातल्या पुस्तकवाल्याने निरोप धाडला. सणाला पोरींच्या हातात पैसे खुळखुळतात, दुसरा भाग सल्लाच्या, म्हणजे ईदेच्या, आधी आला तर उडेल, नाहीतर त्या दुसऱ्या कुणाची मालिका धरतील. झुलाईचं अर्धं प्रकरण झालं होतं.

घरातली रीत अशी की दोन दिवस एकीचा स्वयंपाक, दोन दिवस दुसरीचा. ज्या दिवशी जिची चूल, त्या रात्री घरधनी तिच्या खोलीत. झुलाई लाराबाच्या दाराशी येऊन उकिडवी बसली.

"याया, माझे दिवस तुम्ही घ्याल का? पुस्तक होईपर्यंत."

"स्वयंपाकाचे?"

झुलाईने खाली बघितलं. "नुसते स्वयंपाकाचे कसे घेता येतील."

लाराबा पाला निवडत होती, तिचा हात थांबला नाही. म्हणाली, घेईन की, बहिणीने बहिणीसाठी एवढं करू नये का. आळीत ही गोष्ट पसरली तेव्हा बायकांनी लाराबाचं कौतुक केलं, सवतीचं ओझं उचलणारी बाई म्हणून. लाराबा कौतुक ऐकून घेत होती आणि मनात एकच हिशेब करत होती. पुस्तक संपलं की दिवस परत द्यायचे. पुस्तक न संपलं तर द्यायचे नाहीत.

झुलाईला लिहिलेलं कुणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. सकाळी लाराबा ज्वारी कांडायला बसली की ती वही घेऊन समोर यायची. पहिल्याच प्रकरणात यालवा नदीच्या पात्रात उतरली. दुसऱ्यात वाळूखाली वेस दिसली. लाराबाच्या हातातलं मुसळ वरच्या वर थांबलं. आयुष्यभर गोष्टी सांगितलेली बाई ती, तिला गोष्टीची चाल कळत होती. ही पोर अशीच चालत राहिली तर रमजान लागायच्या आत परत येणार होती.

"किती धावते ग ही," लाराबा म्हणाली. "मागे कुत्रं लागलंय का?"

"पाऊस येणार आहे ना, याया."

"पाऊस तुझ्या हातात आहे. तू म्हणशील तेव्हा येईल. एवढी वयात आलेली मुलगी, एकटीच चालतीये, वाटेत कुणी बघतसुद्धा नाही तिच्याकडे? एखादा तरणा जिन्न, घोड्यांची देखभाल करणारा, नदीकाठच्या चिंचेखाली बसलेला असला तर काय बिघडेल?"

झुलाईचे डोळे चमकले. झाकी जन्माला आला तो असा, लाराबाच्या तोंडून, ज्वारी कांडताना.

त्यानंतर यालवा चिंचेखाली बसली ती बसलीच. झुलाई तिला उठवायला निघाली की लाराबा काहीतरी काढायची. एवढ्यात उठली? त्याने अजून नाव विचारलं नाही. मग त्याने नाव विचारलं. तिने लगेच सांगितलं? स्वस्त पडली. मग ती रुसली. रुसली आणि लगेच मानली, तर वाचणारीला काय मिळालं? झुलाई मान डोलवत खोलीत जायची आणि आणखी एक प्रकरण लिहायची. रमजान लागला, संपला, छोटी सल्ला येऊन गेली. पुस्तकवाल्याने दोनदा माणूस पाठवला, तिसऱ्यांदा पाठवलाच नाही.

सगळे दिवस लाराबाचे झाले. रोज तिची चूल, रोज घरधनी तिच्या खोलीत. जे हवं होतं ते मिळालं होतं. फक्त तो यायचा, गोरखचिंचेच्या पाल्याच्या कालवणात तुवोचा, ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचा, घास बुडवायचा आणि विचारायचा, "आज किती झालं?"

"काय किती?"

"पुस्तक."

भिंतीपलीकडे झुलाई लिहिलेलं स्वतःशी वाचायची. शब्द कळत नसत, नुसता आवाज यायचा. घरधनी घास हातात धरून, मान जराशी कलती करून ऐकत राहायचा. कालवण गार व्हायचं. लाराबा समोर बसलेली असायची, अंगावर नवं पातळ, केस नव्याने विणलेले. एकदा तो म्हणाला, ती फार वाकून लिहिते, तिला पाठीशी एक उशी देत जा. लाराबाने दुसऱ्या दिवशी उशी नेऊन दिली. आतला सगळा कापूस ओढून काढावा असं तिला वाटत होतं.

एके सकाळी झुलाई अडली. झाकीने आता असं काही बोलायला हवं होतं की यालवाला सावलीचा विसर पडावा. तिने चार वाक्यं लिहून खोडली होती. म्हणाली, पुस्तकातलं वाटतं सगळं, माणूस बोलल्यासारखं वाटत नाही.

लाराबाजवळ एक वाक्य होतं. ती पोरगी होती तेव्हा डोक्यावर परात घेऊन चवळीचे वडे विकायची आणि कोलाच्या बाजारातून जायची. तिथे एका टोपलीमागे बसलेल्या पोराने तिला ते म्हटलं होतं. वाक्य ऐकून तिने परात उतरवली आणि सगळे वडे त्याच्या पुढ्यात ठेवले होते. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. आता ते सांगण्यात तिला एक वेगळीच गोडी वाटली. ही शिकलेली, हिच्याजवळ सगळं आहे, पण हे नाही. हे हिने माझ्याकडून मागून घ्यावं.

"असं लिही," ती म्हणाली. "तू चालत गेलीस की माझ्या टोपलीतला कोला सुकायचं विसरतो."

झुलाईने ते लिहून घेतलं आणि पेन उचललं. मग ती हसली, पण हसू मध्येच कुठेतरी अडकलं.

"याया. हे तर त्यांनी मलाही म्हटलं होतं."

अंगणात कोंबडी उकरत होती. लाराबाने उखळात बघितलं, मग मुसळ उचललं आणि कांडायला लागली. त्यात पीठ कधीच झालं होतं. झुलाई वही छातीशी धरून आत गेली.

त्या संध्याकाळी घरधन्यापुढे लाराबाने ताट ठेवलं आणि पाठ करून बसली. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, किती झालं. ती म्हणाली, तुम्हीच जाऊन विचारा. तो उठला नाही, पण त्याला उठायचं होतं हे तिला पाठमोरं असूनही दिसलं.

गुरुवारी पोरींना मदरशाची सुट्टी. त्या दिवशी झुलाई त्यांना दुसऱ्या भागातली नवी प्रकरणं वाचून दाखवायची. सुरुवातीला खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. आता चार-पाचच उरल्या होत्या. त्या गुरुवारी झाकीने यालवाच्या केसातलं चिंचेचं पान काढलं आणि प्रकरण संपलं. मागल्या गुरुवारी त्याने पान घातलं होतं.

हान्नेने जांभई दिली, लपवलीही नाही. "नवरीकाकी, ही अंडी घालायला बसलीये का त्या झाडाखाली?"

बाकीच्या हसल्या. झुलाई म्हणाली, प्रेमाला वेळ लागतो. हान्ने म्हणाली, लागू दे ना, पण नदी कुठे गेली? सावली कुठे गेली? आमच्या अंगावर काटा आला होता पहिल्या भागात, आता झोप येते. मग त्या उठल्या, आणि बाहेर येऊन, सूर्य बुडाला आहे हे बघून, लाराबाच्या चटईवर बसल्या.

लाराबाला सुख झालं. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता, सुखच झालं. तिने चटई झटकली, पोरींना सरकून बसवलं आणि सशाची गोष्ट काढली.

"ससा नको," हान्ने म्हणाली. "यालवाचं सांगा."

"ती माझी गोष्ट नाही."

"मग तुमची करा. ती बिचारी झाडाखाली वाळून चाललीये, उठवा तिला कुणीतरी."

लाराबाने झुलाईच्या दाराकडे पाहिलं. आत दिवा होता. पोरींसमोर हिला खाली पाडायची संधी आयती चालून आली होती. तिने पदर सारखा केला, गोष्ट निघाली आहे, वाट द्या असं म्हटलं, पोरींनी वाट दिली असं म्हटलं, आणि यालवा चिंचेखालून उठली.

पहिल्या संध्याकाळी लाराबाने झाकीला वगळलं. तिला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. यालवा एकटीच वाळूतून धावली, वेशीपाशी पोचली. पोरी डोळे विस्फारून ऐकत होत्या, पण गोष्ट थांबली तेव्हा एक लहानगी म्हणाली, "आणि झाकी? तो तिथेच बसला?" रात्रभर लाराबाला तेच खात राहिलं. झाकीला सोडून गोष्ट पळत होती, पण पोकळ पळत होती. आणि त्याला धरलं की बसकण मारत होती.

दुसऱ्या दिवशी कालवण ढवळताना तिला सुचलं. त्याला चालवायचं. बोलणं, रुसणं, बघणं, जे काय आहे ते चालता चालता होऊ दे. त्या संध्याकाळी झाकी यालवाच्या मागून आला, घोड्याचा लगाम हातात धरून. दोघं वाळूत भांडले, पण पाय थांबले नाहीत. त्याने तिला पाणी दिलं ते धावता धावता. पहिला ढग आला. तिसऱ्या संध्याकाळी नदीचं पाणी लांबून ऐकू यायला लागलं, वेशीचं दार मिटायला लागलं, आणि झाकीने दाराला पाठ लावली. तो काही बोलला नाही. तो ज्या बाजूला उभा होता त्या बाजूने पाणी येत होतं. यालवा त्याच्या खांद्याखालून आत गेली. दार मिटलं. लाराबा थांबली आणि म्हणाली, पुढचं तिसऱ्या भागात, मला माहीत नाही.

हान्नेने दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरले होते. "तो बुडाला?"

"मला माहीत नाही म्हटलं ना."

"याया, असं करू नका. मी मरेन."

"मर जा घरी. आई वाट बघते."

पोरी गेल्यावर लाराबाने मान वळवली. झुलाई स्वतःच्या दाराच्या चौकटीला टेकून जमिनीवर बसली होती. तिन्ही संध्याकाळी ती तिथेच बसलेली असावी. ती उठून चटईवर आली, जिथे हान्ने बसली होती तिथे बसली.

"तीन महिने तुम्ही तिला चिंचेखाली बसवून ठेवलंत," ती म्हणाली.

"ठेवलं."

"का, ते विचारत नाही."

"नको विचारूस. तुला माहीत आहे."

"मला चौथ्या प्रकरणापासून माहीत होतं, याया."

लाराबाने तिच्याकडे पाहिलं. "मग लिहीत का बसलीस?"

झुलाई चटईचा सुटलेला धागा ओढत होती. म्हणाली, तुम्ही झाकीचं बोलायला लागलात की तुमचं तोंड बदलायचं. नाव कसं विचारायचं, रुसायचं कसं, किती वेळ. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि सगळं त्यांचंच होतं. मी लिहून घेत होते आणि जळत होते. माझ्या वाट्याला एवढं आलं नाही. मी आले तोवर ते थकले होते. मला त्या सगळ्या गोष्टी ऐकायच्या होत्या, आणि मला त्या ऐकवत नव्हत्या.

लाराबाला वाटलं होतं जळण्याचं काम या घरात एकटी तीच करते. तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रागही आला.

"घे लिहून," ती म्हणाली. "तीन संध्याकाळींचं सगळं. उद्यापासून तुझे दिवस तुला. फक्त ते कोलाचं पुस्तकात घालायचं नाही. आळीतल्या पोरींनी ते एकमेकींना म्हणत फिरावं, हे मला चालायचं नाही."

"ते मी त्याच दिवशी खोडलं."

"दाखव."

झुलाईने वही आणली आणि दिवा जवळ धरला. लाराबाने बोट फिरवलं. ते वाक्य ज्या जागी होतं तिथे इतक्या वेळा रेघ ओढली होती की कागद फाटून मागच्या पानाची अक्षरं दिसत होती. लाराबाने वही मिटून तिच्या हातात दिली.

दुसरा भाग मोठ्या सल्लाला आला. चिंचेचं झाड त्यात एका पानापुरतं होतं. पोरींनी पुस्तकवाल्याचं डोकं खाल्लं की तिसरा कधी. झुलाईने सणाच्या दुपारी घरधन्याला सगळं वाचून दाखवलं, लाराबा मटणाचे तुकडे वाटून ठेवत तिथेच होती. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हनुवटी खाजवली.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण तो पोरगा काही बोलतच नाही की तिला. नुसता पाठ लावून उभा. मी असतो तर बोललो असतो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"काय बोलला असतात?" लाराबाने विचारलं.

त्याने विचार केला, खरंच केला. छताकडे बघितलं, मग टोपल्यांकडे.

"सुचलं असतं काहीतरी," तो म्हणाला आणि मटणाला हात घातला.

झुलाईने तोंडावर हात ठेवला, पहिल्यांदाच. लाराबाला हसू आलं नाही. तिने त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला आणि बाहेर जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

तिसरा भाग रखडला. आधी झुलाईला मुलगा झाला, मग दुसरा. दिवस दोन-दोन ठरल्याप्रमाणे चालले होते. लाराबा अजूनही झुलाईच्या दिवशी तिच्या चुलीवरच्या वासावरून ओळखायची की तिने मसाला जास्त घातला आहे, आणि का. हान्नेचं लग्न झालं, ती दोन आळ्या पलीकडे गेली, तरी निरोप पाठवायची, झाकी बुडाला का ते तरी कळवा.

मालम तांको हान्नेच्या पहिल्या मुलाच्या बारशानंतरच्या शुक्रवारी, उत्तरेचा धुळीचा वारा सुटलेला असताना, दुपारच्या नमाजाहून परत येऊन देवडीत बसला आणि तिथेच वारला. ते पुस्तक लिहून झालं ते घरधनी नसलेल्या घरात. विधवेचे महिने दोघींनी एकाच अंगणात काढले, बाहेर पाऊल न टाकता. कुणाची चूल कुठल्या दिवशी हे कुणी विचारत नव्हतं, जी आधी उठेल ती पेटवायची. टोपल्यांतला उरलेला कोला धंद्यातल्या वाटेकऱ्याने नेला होता, देवडी रिकामी होती. झुलाई लिहायची आणि लाराबा ऐकायची. शेवटून दुसऱ्या प्रकरणात नदी आटली, वेस उघडली, यालवा सावली घेऊन बाहेर आली. झाकी दाराशीच होता, वाळूत कमरेपर्यंत रुतलेला.

झुलाई थांबली.

"आता बोलू दे त्याला," लाराबा म्हणाली.

"काय?"

"तेच. कोलाचं."

झुलाईने पेन उचललं नाही. "याया, कुणाला म्हणाला म्हणून लिहू?"

"यालवाला," लाराबा म्हणाली. "तिला सवत नाही."

मालम तांको हान्नेच्या पहिल्या मुलाच्या बारशानंतरच्या शुक्रवारी, उत्तरेचा धुळीचा वारा सुटलेला असताना, दुपारच्या नमाजाहून परत येऊन देवडीत बसला आणि तिथेच वारला.